स्फोटात डोक्याला मार: आधी श्वास, मग डोकं

रातपाळी

चतुर्थी तोंडावर आली. मग नरकासुराची रात्र, मग जत्रा-फेस्तांचं दारूकाम. म्हणून गोव्यातल्या कॅज्युअल्टीची डॉक्टर या नात्यानं हा धागा आत्ताच काढते. पण फटाका हे एकच कारण धरून बसू नका. कॅज्युअल्टीत स्फोटाचा मार घेऊन माणूस येतो तो ट्रकच्या टायरात हवा भरताना रिंग उडून, गळक्या सिलिंडरनं स्वयंपाकघर उडून, एसीत गॅस भरताना कॉम्प्रेसर फुटून किंवा खडीच्या खाणीवर सुरुंगाचा दगड लागून.

डोकं फुटलं की सगळ्यांची नजर रक्तावर जाते. टाळूची कातडी भळाभळा वाहते, कपडे भिजतात, बघणाऱ्याचेच हातपाय गळतात. पण पहिल्या तासात मेंदूचा घात करतात त्या गोष्टी दोन: हवा कमी पडणं आणि रक्तदाब घसरणं. स्फोटाच्या क्षणी मेंदूला जो मार बसला तो बसला, तो उलटवायचं औषध कुठल्याच इस्पितळात नाही. त्यानंतर सुजणाऱ्या मेंदूला ऑक्सिजन आणि रक्त मिळत राहतं की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी शेजारी उभ्या असलेल्यांवर ठरतं. १९९३ साली अमेरिकेत गंभीर मेंदूइजेच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. एकदाच!

म्हणून पळत जाण्याआधी क्षणभर थांबून आजूबाजूला बघा. गॅसचा वास आहे का? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी दिव्याचं बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर काढा, मग १०८. गॅस गळतीची तक्रार १९०६ वर, तीही बाहेर येऊनच. खाणीवर न उडालेला सुरुंग शिल्लक असू शकतो. मदतीला गेलेला माणूस दुसऱ्या स्फोटात जखमी होतो, हे जगभर घडत आलेलं आहे.

हातापायातून पिचकारीसारखं रक्त उडत असेल तर ते आधी दाबा, डोकं नंतर. मग श्वास. बेशुद्ध माणूस उताणा पडला की जीभ मागे पडते, वरून तोंडात रक्त, तुटलेले दात, उलटी. घोरल्यासारखा किंवा गुळगुळ आवाज येत असेल तर घसा अडतोय. "गाढ झोपलाय" असं म्हणून सोडून देऊ नका. डोकं, मान, पाठ एका रेषेत धरून दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा, तोंडातलं वाहून जाऊ द्या. मानेला मार असण्याची शक्यता धरूनच चालायचं, कारण स्फोट माणसाला उचलून फेकतो. पण मान हलेल या भीतीनं त्याला उताणाच ठेवून गुदमरू देणं हा काही उपाय नव्हे.

टाळूच्या साध्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा. हाड खचलेलं हाताला लागलं किंवा आतलं काही दिसलं तर दाबू नका, ओलसर स्वच्छ कापड नुसतं वर ठेवा. पत्रा, काच, खिळा रुतला असेल तर उपटायचा नाही, आजूबाजूला कापडाचा वेढा देऊन तो हलणार नाही असं करायचं. नाका-कानातून पाण्यासारखं काही येत असेल तर बोळा कोंबू नका. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. पाणी, चहा, सोडा काहीही पाजायचं नाही.

विचारा, मला येतं तेवढं सांगेन.

उसगाव_टायर

डॉक्टर, आमच्या धंद्याचं नाव पहिलं घेतलंत ते बरं केलंत. टिपर-ट्रकच्या जुन्या डिस्कला लॉक रिंग असते. ती खाचेत नीट बसली नसेल आणि कोणी हवा मारत राहिला तर रिंग बंदुकीतून सुटल्यासारखी येते. आमच्या बाजूच्या गॅरेजात एकाला ती जबड्यावर बसली. माणूस शुद्धीवर होता, पण सगळे "झोप, झोप" म्हणून त्याला आडवा करत होते आणि तो उठून बसत होता. मारामारीच चालली होती म्हणा ना. कोण बरोबर?

रातपाळी

तो बरोबर होता. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला की जिभेचा आधार जातो. बसून पुढे वाकलं की जीभ आणि रक्त दोन्ही पुढे येतात, आडवं झालं की घशात. शुद्धीवर असलेला आणि चेहरा फुटलेला माणूस जी अवस्था स्वतः निवडतो ती मोडू नका. त्याला पुढे वाकून बसू द्या, हनुवटीखाली टॉवेल धरा, एकानं मागून डोक्याला आधार द्या. रक्ताची तार लोंबत राहते, बघवत नाही, पण तो श्वास घेतोय ना!

म्हापशेकरीण

माझ्या दिराच्या बाबतीत झालं ते लिहिते. फटाक्यानं पत्र्याचा डबा उडून कानाच्या वर लागला. जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, चार टाके घातले, "काही नाही, घरी जा" म्हणून सांगितलं. घरी येऊन जेवला, बोलला, हसला. दोन-अडीच तासांनी डोकं दुखतं म्हणाला, ओकला आणि झोपला. सासूबाई म्हणाल्या झोपू दे, दमलाय. माझ्या जावेला मात्र चैन पडेना, तिनं हलवून बघितलं तर डोळे उघडून परत मिटले. तिथून थेट बांबोळीला, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज). डोक्यात कवटीच्या आत रक्त साठलं होतं, रात्रीच ऑपरेशन झालं. आज ठीक आहे. पण मधे इतका चांगला कसा काय होता, हे मला अजून कळत नाही.

रातपाळी

ताई, तुमच्या जावेला माझा नमस्कार सांगा.

कानाच्या वरचं हाड कवटीत सगळ्यात पातळ. त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते आणि हाड व मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. कवटी म्हणजे झाकण घट्ट बसलेला डबा. सुरुवातीला थोडं रक्त आलं तर मेंदूभोवतालचं पाणी सरकून जागा करून देतं, तोवर माणूस हसतो, जेवतो. जागा संपली की दाब झपाट्यानं चढतो. मधला तो शुद्धीचा काळ काही मिनिटांचा असू शकतो, काही तासांचाही. सगळ्यांत दिसतोच असंही नाही.

याच कारणानं आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. गोव्यात चतुर्थी वगळली तर बाकीच्या सणांत रात्री हातात ग्लास असतोच. "प्यायलाय, झोपून उठेल" हे वाक्य मी कॅज्युअल्टीत नातेवाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. स्फोटात डोक्याला लागलेला माणूस झोपाळला तर ते डोक्यामुळेच, असं धरून चालायचं. उर्राकमुळे होतं की रक्तस्रावामुळे, हे सीटी स्कॅन ठरवेल, तुमचा भाऊजी नव्हे.

खडीवाला

आमच्याकडे खाणीवर पिकअप असते. माणूस पडला की पिकअपच्या हौद्यात घालायचा आणि सुटायचं, हीच पद्धत. १०८ ची वाट बघत बसायचं का? कधीकधी आत रस्ताच नीट नसतो.

एकशेआठचा_पायलट

मी बोलतो यावर, रोजचं काम आहे. आधी फोन करा, गाडीत घालायचं की नाही ते नंतर ठरवा. फोन चालू असतानाच समोरचा माणूस काय करायचं ते सांगतो आणि आमची गाडी निघालेली असते. रस्ता अरुंद असेल तर तसं बोला, गोव्यात १०८ च्या दुचाकीही आहेत. त्यांच्याकडे ऑक्सिजन असतो, माणूस प्रशिक्षित असतो.

लोक पत्ता सांगतात "खाणीकडे". कुठल्या खाणीकडे बाबा? कपेल, देऊळ, तिठा, बंद पडलेला बार, जे काही असेल ते नाव घ्या. एका पोराला स्कूटर घेऊन मेन रोडच्या तिठ्यावर उभं करा, मोबाइलचा टॉर्च हलवायला सांगा. रात्रीच्या वेळी यानं जेवढा वेळ वाचतो तेवढा सायरननं वाचत नाही.

आणि पिकअपच्या हौद्यात माणूस एकटा ठेवून दोघं पुढे केबिनमध्ये बसतात, हे बघितलंय. मागे तो ओकला तर बघणार कोण?

रातपाळी

पायलटदादांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. गाडीतून न्यावंच लागलं, म्हणजे १०८ नं सांगितलं की जवळ कोणी नाही आणि तुम्ही निघा, तर फळीवर किंवा उतरवलेल्या दारावर आडवं बांधून, कुशीकडे झुकवून, एक जण डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं धरून. त्याचं काम फक्त श्वास ऐकणं. शक्य असेल तर फळीची डोक्याकडची बाजू थोडी वर ठेवा, निदान पायाकडे उतार देऊ नका.

कुठे न्यायचं? मेंदूची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सरकारी व्यवस्थेत गोमेकॉत, बांबोळीला. पण काणकोण किंवा वाळपईहून निघालात आणि वाटेत श्वास अडतोय, रंग निळसर पडतोय, तर तसंच पुढे रेटू नका. मडगावचं जिल्हा इस्पितळ असो वा फोंड्याचं उपजिल्हा, तिथे नळी घालून श्वास सुरळीत करून पुढे पाठवतात. श्वास बंद पडलेला माणूस न्यूरोसर्जनच्या दारात पोचवून काय करणार?

काणकोणकार

करमल घाटातली वळणं मोजत बसलेला माणूस म्हणून यावर +१.

दर्यावर्दी

नौदलातून निवृत्त, वास्कोला असतो. आमच्या वेळी तोफांच्या सरावानंतर काही जण दिवसभर चक्रावल्यासारखे असायचे, अंगावर ओरखडाही नसायचा. हवेच्या धक्क्यानं मेंदूला इजा होते, की हे मनाचे खेळ?

रातपाळी

होते. स्फोटाची इजा चार वाटांनी होते: दाबाची लाट, उडालेले तुकडे, माणूस फेकला जाऊन आपटणं, आणि भाजणं-धूर वगैरे. दाबाची लाट कान, फुप्फुस, आतडी यांना सगळ्यात जास्त छळते, कारण तिथे हवा असते. मेंदूवर ती नेमकी कशी काम करते यावर वाद आहे, पण इजा होते यावर नाही. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली "शेल शॉक" हा शब्द लॅन्सेटमध्ये छापला, तेव्हापासून हे मेंदूचं की मनाचं हा प्रश्न चालू आहे. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांमुळे तो परत वर आला. घरच्या माणसांसाठी अर्थ एवढाच: बाहेर जखम नाही म्हणजे मार नाही, असं समजू नका.

कानाचा मुद्दा मात्र इथेच सांगून टाकते, कारण यावर शिकाऊ डॉक्टरसुद्धा फसतात. स्फोटात कानाचा पडदा फाटतो. माणूस जागा असतो, पण त्याला ऐकू येत नाही. तुम्ही "हात उचल" म्हणता, तो नुसता बघत राहतो आणि सगळे घाबरतात की मेंदू गेला. त्याच्यासमोर येऊन स्वतःचा हात उचलून दाखवा. त्यानं उचलला तर बरीच चिंता कमी.

इंटर्न_सध्या_झोपेत

मॅडम, ग्लासगो स्कोअर इथे कसा घ्यायचा मग? आणि डोळ्याची बाहुली? परवा एक केस होती, एक बाहुली मोठी, पण पेशंट गप्पा मारतोय.

रातपाळी

बाकीच्यांसाठी आधी: ग्लासगो स्कोअर म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायचं माप, १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी काढला. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, सगळं मिळून ३ ते १५. आठ किंवा कमी म्हणजे गंभीर. घरच्यांनी आकडा काढू नये. डोळे उघडतो का, धड बोलतो का, सांगितलेलं करतो का, आणि हे किती वाजता पाहिलं, एवढं कागदावर लिहून द्या. ती चिठ्ठी सोन्याच्या मोलाची. साडेआठला बोलत होता आणि नऊला नाही, हे कळलं की आमचा पुढचा निर्णय बदलतो.

आता तुझ्यासाठी. बहिऱ्याला खुणेनं तपास आणि तसं लिहून ठेव. हालचालीचा भाग सगळ्यात भरवशाचा. बाहुलीचं म्हणशील तर स्फोटाचा धक्का थेट डोळ्याला बसला तरी ती मोठी होऊन बसते, मेंदूचा काही संबंध नसतो. गप्पा मारणाऱ्याची एक बाहुली मोठी असेल तर डोळा आधी बघ. झोपाळत चाललेल्याची मोठी झाली तर धाव. आणि फुटलेल्या डोळ्यावर पॅड दाबून बांधू नका रे! वर कडक कवच हवं. घरी कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावली तरी चालतं.

बाकी तुला माहीत असेलच, तरी: पोट-छातीतून रक्त जात असेल तर आपण एरवी रक्तदाब थोडा कमी चालवून घेतो, डोक्याला मार असेल तर ती सवलत नाही. वरचा आकडा ११० च्या आसपास किंवा वर ठेव. सलाइन साधं, ग्लुकोजवालं नको. ऑक्सिजन ९० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. डोकं ३० अंश वर. श्वास द्यायची पिशवी दाबताना हात आवर. उत्साहानं भरभर दाबलीस तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि सुजेच्या जोडीला उपासमार. भरभर श्वास देणं फक्त मेंदू खाली सरकायची लक्षणं दिसली तर, तेही थोड्या वेळापुरतं. स्फोटाच्या पेशंटला नळी घातल्यावर अचानक रक्तदाब पडला तर फुप्फुसाबाहेर हवा साठली का ते आधी बघ, लाटेनं फुप्फुस फाटलेलं असू शकतं.

रक्तस्राव आवरणारं ट्रानेक्झामिक ॲसिड तीन तासांच्या आत. क्रॅश-३ चाचणीत २९ देशांतले बारा हजारांहून जास्त रुग्ण होते, २०१९ साली निष्कर्ष आले, फायदा दिसला तो सौम्य आणि मध्यम इजेच्या गटात, लवकर दिल्यास. स्टेरॉइड नाही म्हणजे नाही. २००४ सालच्या क्रॅशमध्ये १०,००८ रुग्ण होते, स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१ टक्के, न दिलेल्यांत १८. "सूज उतरायला" म्हणून डेक्सा (हेही स्टेरॉइडच) मारणारे आजही भेटतात. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नकोस. आणि झोप घे.

म्हापशेकरीण

आमच्यासारख्यांसाठी परत या हो डॉक्टर. सीटीत काही नाही म्हणून घरी सोडलं, तर रात्री काय बघायचं? आणि ते दर तासाला उठवायचं का?

रातपाळी

झोपू द्यायचं, पण सोडताना जितक्या वेळानं उठवायला सांगितलं असेल तितक्या वेळानं उठवायचं. नुसतं हूं म्हणून कूस बदलली तर ते जागं होणं नव्हे. नाव, कुठे आहोत, हे नीट सांगायला हवं. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, एका हातापायात कमजोरी, बोलताना जीभ अडखळणं, विचित्र चिडचिड, यातलं काहीही झालं की परत. उशीच्या अभ्र्यावर मधे लाल डाग आणि भोवती फिकट पिवळसर कडं दिसलं तर नाका-कानातून मेंदूचं पाणी येत असू शकतं. ती खूण दरवेळी खरी नसते, पण अभ्रा धुऊ नका, सोबत आणा. नाक शिंकरू नये.

दुखण्यावर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरातून देऊ नका. आजी-आजोबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर हे पहिल्याच वाक्यात सांगा, त्यांचा लहानसा मारही आम्ही लहान धरत नाही.

खडीवाला

भाजलेलं पण असेल तर? सिलिंडरच्या केसमध्ये दोन्ही एकदमच असतं.

रातपाळी

भाजलेल्या जागेवर वाहतं साधं पाणी, वीसेक मिनिटं, पण उघड्या कवटीवर धार नको आणि माणूस कुडकुडायला लागला तर थांबवा. थंड पडलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही. नाकात काजळी, आवाज घोगरा, भुवया जळलेल्या असतील तर घसा आतून सुजतोय. आत्ता बोलतोय म्हणून थांबू नका, तासाभरात नळीच जाणार नाही अशी वेळ येते.

उसगाव_टायर

मी आमच्या पोरांना सांगितलंय: हवा मारायची ती पिंजऱ्यात टायर ठेवून, पाइप लांब, नळीला क्लिप, आणि रिंगच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, बाजूला. टायर खोलायच्या आधी व्हॉल्वची सुई काढून हवा पूर्ण सोडायची. जोडटायर असेल तर दोन्हींची. रिंग हातोड्यानं ठोकून बसवायची नाही हवा भरलेली असताना. पिंजरा फोंड्याला वेल्डरकडून जाड पाइपचा करून घेतला.

डॉक्टर, तुमचं पहिलं पोस्ट भिंतीवर लावायचंय. पण माझी निम्मी पोरं हुबळी-बेळगावकडची, दोघं बिहारचे. मराठी वाचणारा मी एकटाच.

काणकोणकार

हिंदी मी करतो, उद्या संध्याकाळपर्यंत इथेच टाकतो. कन्नड बायको करेल, ती कारवारची. डॉक्टर, एकदा नजर टाका आणि वर १०८ मोठ्या अक्षरात घालू ना?

रातपाळी

घाला. त्याखाली दुकानाचा पत्ता आणि जवळच्या तिठ्याचं नावही लिहा, घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या दुकानाचा पत्ता आठवत नाही. "मान हलवू नका" हे वाक्य एकटं टाकू नका, त्याच ओळीत "पण श्वास अडत असेल तर कुशीवर वळवा" असू दे. उद्या रात्री ड्यूटी आहे, त्याआधी तपासते.